मास्टर चीफच्या हेल्मेटची काच

हेलो गेम आला २००१ साली, मी तो खेळलो दोन-तीन वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाच्या पीसीवर. आणि त्यातलं आजही डोक्यात पक्कं बसलंय ते म्हणजे सुरुवातीचा सीन. गेमचा नायक म्हणजे मास्टर चीफ, चिलखत आणि हेल्मेट घातलेला भविष्यातला सैनिक. त्याला गोठवलेल्या झोपेतून उठवतात आणि टेक्निशियन सांगतो, या दिव्याकडे बघ, आता त्या दिव्याकडे बघ. तेवढ्यात गेम तुमचं वर-खाली बघणं सरळ हवं की उलटं, म्हणजे माउस पुढे ढकलला की नजर वर जावी की खाली, ते ठरवून घेतो. तेव्हा वाटलं ही खेळणाऱ्याची सोय आहे फक्त. पुढे अपाचे हेलिकॉप्टरबद्दल वाचलं तर तिथला पायलट खरंच असं करतो! त्याच्या उजव्या डोळ्यासमोर एक छोटी काच असते, डोकं वळेल तिकडे खालची तोफ वळू शकते, म्हणून आधी कॉकपिटमधल्या एका ठरलेल्या खुणेवर नजर धरून हेल्मेट जुळवून घ्यावं लागतं. नाहीतर नजर एकीकडे आणि तोफ भलतीकडे.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते काचेचं प्रकरण. चीफला शील्डची पट्टी, गोळ्यांचा आकडा, आसपास कोण हलतंय ते दाखवणारा कोपऱ्यातला गोल ट्रॅकर सगळं डोळ्यासमोर दिसतं. आता एक करून बघा, बोट डोळ्यापासून दोन इंचांवर धरा आणि त्यावरच्या रेषा बघा. धूसर दिसतं ना? मग हेल्मेटच्या काचेवरचा आकडा कसा वाचायचा? तर तो काचेवर असून चालतच नाही. भिंगांनी प्रकाशाचे किरण समांतर करून डोळ्यात सोडायचे, म्हणजे डोळ्याला तो आकडा लांब क्षितिजावर असल्यासारखा वाटतो आणि समोरच्या शत्रूवरून आकड्यावर नजर नेताना फोकस बदलावा लागत नाही. फायटर विमानात पायलटसमोर आकडे तरंगताना दिसतात तेही असेच.

चीफच्या काचेचा सोनेरी रंगही उगाच नाही बरं का, अपोलोच्या अंतराळवीरांच्या बाहेरच्या काचेवर खऱ्या सोन्याचा पातळ थर होता, तो उष्णता परत फेकतो आणि बघण्यापुरता उजेड आत सोडतो.

ट्रॅकरमध्ये वाकून हळू चालणारा दिसत नाही, लहानपणी वाटायचं हे चीटिंग आहे. पण हालचाल टिपणारं खरं डॉप्लर रडारही वेग पकडतं, वस्तू नाही, आणि हलणाऱ्या पानांनी पडदा भरून जाऊ नये म्हणून ठरावीक वेगाखालचं गाळून टाकावं लागतं, मग त्या गाळणीतून हळू चालणारा माणूसही जातो. ज्याने कोणी गेममध्ये हे ठेवलं त्याला माझा सलाम.

वजनाचं मात्र गेममध्ये जाणवत नाही. एफ-३५ च्या पायलटचं हेल्मेट चीफच्या सगळ्यात जवळ जाणारं, विमानाभोवतीच्या सहा कॅमेऱ्यांचं चित्र त्यात येतं, पायाखाली बघितलं तर विमानाच्या तळातून आरपार जमीन दिसते, किंमत साधारण ४ लाख डॉलर. आणि वजन दोन किलोच्या वर. २०१५ मध्ये तर साधारण ६२ किलोपेक्षा हलक्या पायलटना ते विमान उडवायला बंदी केली होती, कारण सीटसकट बाहेर फेकलं गेलं तर मान मोडायचा धोका. नंतर हेल्मेट हलकं करावं लागलं. चीफची तर हाडंच ऑपरेशन करून मजबूत केलेली आहेत, त्यामुळे तो सुटला.

राहिलं एक, वाफ. पावसाळ्यात गाडी चालवताना सिग्नलला थांबलं की माझ्या हेल्मेटची काच आतून धुरकट होते, मी ती वर करतो आणि मोकळा होतो. अंतराळात ती वर करता येत नाही. जून १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ९ यानातल्या यूजीन सर्नन या अंतराळवीरानं दोन तासांवर स्पेसवॉक केला, दमून इतका घामाघूम झाला की काच आतून पूर्ण धुरकट झाली, समोरचं काही दिसेना. हात आत घालता येत नव्हता. शेवटी त्यानं नाकानं काच घासली आणि तेवढ्या भोकातून बघत राहिला.