ऑरोराआधी ढग बघा

नागपूरहून नॉर्वेला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आज केपी किती?" ऑरोरा म्हणजे ध्रुवाजवळच्या आभाळात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश. त्याच्या ॲपवरचा केपी, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती खवळलंय हे सांगणारा ० ते ९ चा आकडा, उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत फारसा कामाचा नाही. शहर जवळपास ७० अंश उत्तरेला, थेट ऑरोराच्या पट्ट्याखाली आहे. केपी २ असतानाही डोक्यावर हिरवा पडदा हलू शकतो. रात्र वाया घालवतात ते ढग.

म्हणजे पाठलाग करायचा तो मोकळ्या आभाळाचा. संध्याकाळीच नॉर्वेच्या हवामान खात्याचा ढगांचा नकाशा तासातासाने पुढे सरकवून बघा. समुद्रावरचा ओलावा किनाऱ्याच्या आणि लिंगेनच्या डोंगरांवर रिकामा होतो, म्हणून पलीकडे आभाळ बऱ्याचदा कोरडं मिळतं. ट्रॉम्सोहून ई-८ महामार्गाने शीबोत्न गाव, तिथून चढत फिनलंडमधलं किल्पिस्यार्वी. अंतर साधारण १६० किलोमीटर, आपल्या नागपूर-अमरावतीएवढंच. पण बर्फावर तीन तास धरा. गाडी सीमेपलीकडे न्यायची परवानगी भाड्याने घेतानाच विचारा, पासपोर्ट जवळ ठेवा. फिनलंडमध्ये घड्याळ एक तास पुढे आहे; फोन आपोआप वेळ बदलतो आणि अंदाजाचे तास चुकतात.

टायर खिळ्यांचेच मागा. घसरण उणे १५ ला नव्हे, शून्याच्या आसपास जास्त होते, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. रेनडिअर एक दिसला की मागून कळप येणार असं समजा. आपल्याकडच्यांची नेहमीची चूक मात्र थांब्यानंतर होते: रिकाम्या रस्त्यावर गाडी काढताना हात सवयीने डावीकडे वळतो. इथे उजवीकडूनच चालवायचं आहे. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना मूळ लायसन्ससोबत ठेवायचा.

रस्त्याच्या कडेला थांबणं धोक्याचं. पार्किंगची जागा शोधा, दिवे बंद करा, बाहेर पडताना अंगात चमकणारं जॅकेट हवं. उबेसाठी इंजिन चालू ठेवून बसायचा मोह होतो, पण सायलेन्सर बर्फात बुजला तर विषारी वायू आत येतो. आतून लोकरीचे कपडे घाला. सुती बनियन घाम धरून ठेवतं. बूट एक नंबर मोठे घ्या, घट्ट बुटात दोन मोजे घातले तर पाय आणखी गारठतात.

आता वाट बघायची. ॲपवर बीझेड नावाचा आकडा असतो. सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताचं, म्हणजे सौर वाऱ्याचं, चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे तो सांगतो. तो उणे गेला की सौर वाऱ्याला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वाट मिळते. तो मोजणारे उपग्रह पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहेत, त्यामुळे खात्रीची सूचना साधारण तासाभराचीच मिळते, कधी त्याहूनही कमी. रात्री ९ ते १ हा चांगला काळ. प्रकाश झटक्यांनी येतो: दहा-वीस मिनिटं नाचतो, मग तासभर शांत. बहुतेक लोक याच शांततेत कंटाळून परततात.

सुरुवातीला दिसतो तो राखाडी पट्टा, ढगासारखा. शंका आली तर फोनने तीन सेकंदांचा फोटो काढा. हिरवा आला तर ऑरोराच. हा हिरवा रंग साधारण १०० किलोमीटरवरच्या ऑक्सिजनचा, लाल त्याहून बराच वरचा. मे २०२४ च्या सौर वादळात लडाखच्या हानलेतून लालच का दिसला, तेही यातून कळतं: दुरून फक्त वरचा भाग क्षितिजावर येतो.

सुट्टी दिवाळीचीच घ्या, डिसेंबरची नको. दिवाळी अमावास्येला असल्यामुळे आभाळ काळंकुट्ट मिळतं, आणि ती ऑक्टोबरात आली तर बऱ्याच ठिकाणी तळी अजून गोठलेली नसतात, म्हणून प्रतिबिंबही सापडतं.

कॅमेऱ्याला तिकाटणं हवंच. लेन्सचं छिद्र एफ २.८, प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १६०० ते ३२००, शटर ५ ते १० सेकंद उघडं. फोकस हाताने, एखाद्या ताऱ्यावर. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. परत गाडीत बसण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, नाहीतर लेन्सवर दव धरतं आणि पुढच्या थांब्यावर ते गोठतं.