खिमा मळायचा नाही

आमच्या घरात बिडाचे दोन तवे आहेत. एक आईने कुडाळच्या बाजारातून घेतला आणि जुन्या साडीत गुंडाळून विमानाने इकडे अमेरिकेत आणला. त्यावर घावणे होतात, बाकी काही नाही. दुसरा इथल्याच हार्डवेअरच्या दुकानातला. आई आमच्याकडे मुक्कामाला असली की दोघांची कपाटंसुद्धा वेगळी. आज दुसऱ्याबद्दल, आणि त्यावर होणाऱ्या चेपलेल्या बर्गरबद्दल.

जर्सी सिटीत टॉनेली अॅव्हेन्यूवर व्हाइट मॅना नावाचं एक गोल, पांढरं, टपरीपेक्षा जरा मोठं म्हणावं एवढं डायनर, म्हणजे अमेरिकन खानावळ, आहे. १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं होतं, १९४६ पासून इथे उभं आहे. हॅकेन्सॅकला त्याचं भावंड आहे, त्याच्या नावात दोन 'एन'; इथल्या पाटीवर एकच. पाटी करताना एक गळला तो गळलाच. स्टुलावर बसलं की तवा अगदी समोर. खिम्याचा लिंबाएवढा गोळा टाकला, उलथण्याने चेपला, वर मूठभर कांदा, त्यावर पाव झाकला, पुढचा गोळा. बघताना वाटतं, यात काय आहे?

घरी मात्र दोन वर्षं जमलं नाही. डोळे तिथलं बघून आले होते, हात आईकडून आलेले होते. खिमा समोर आला की ते हात आपोआप आलं-लसूण वाटायला घेतात. मिरची, कोथिंबीर, गरम मसाला, भिजवून पिळलेला पाव, एक अंडं, सगळं मळून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी जे झालं ते कटलेट म्हणून झकास होतं. मित्रांनी बोटं चाटली. पण मला हवा होता तो हा नव्हे, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

मग मसाला सोडला. मीठ आणि मळणं मात्र सुटलं नाही, आणि ते जास्तच वाईट निघालं. रात्रभर मीठ लावून ठेवलेला खिमा चिवट, गुळगुळीत झाला, दाताखाली रबरासारखा. मिठाने मांसातली प्रथिनं सुटतात, मळलं की ती एकमेकांना चिकटतात. सॉसेज करताना हेच मुद्दाम करतात. मला सॉसेज करायचं नव्हतं.

तर आता असं. खाटकाकडून बीफच्या खांद्याचं मांस, चक म्हणतात ते, ऐंशी टक्के मांस आणि वीस टक्के चरबी या हिशेबाने दळून आणायचं. चरबी कमी असलेलं 'हेल्दी' म्हणून आणलंत तर त्याचा दुसरा काहीतरी पदार्थ करा. साठ-साठ ग्रॅमचे गोळे. बेसनाचा लाडू वळतो तसा आवळून नाही, नुसता गोळा धरून राहील इतपतच. मीठ नाही, मिरपूड नाही. तसेच गार राहू द्यायचे.

तवा मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं. पाण्याचा थेंब टाकला तर थयथय नाचत पळाला पाहिजे. तेलाचं नुसतं बोट. गोळा टाकला की वर बेकिंग पेपरचा चौकोन, त्यावर रुंद उलथणं, आणि उलथण्यावर लाटणं उभं धरून अंगातल्या सगळ्या जोराने दाब. दहा सेकंद. (यासाठी लाटणंही वेगळं आणावं लागलं. आईने पहिल्याच दिवशी बजावलं.) जे चेपायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात, चरबी अजून घट्ट असते तोवर. नंतर उलथणं दाबत बसलं की रस तव्यावर चुरचुरतो आणि पोटात जातो तो भुसा.

कागद सोलून काढला की आता मीठ, वरून, सढळ हाताने. आणि मग काही करायचं नाही. हे सगळ्यात अवघड. हात शिवशिवतात. दीड मिनिटाने कडांना घावण्यासारखी जाळी पडते, तपकिरी, मधे मधे काळपट. सगळी चव त्या खरपूस थरात. आणि तो तव्याला असा घट्ट धरतो की साध्या उलथण्याने उलटलं तर थर खाली राहतो आणि राखाडी मांस हातात येतं. रंगारी भिंतीला लांबी भरतात ती पातळ पोलादी पट्टी असते ना, ती एक नवी आणली. आडवी धरून खर्रकन खरवडायचं.

कांदा उलटायच्या आधी, कागदासारखा पातळ चिरून, मांसाच्या कच्च्या बाजूवर भरपूर. ही युक्ती ओक्लाहोमातल्या एल रिनो गावाची मानतात. १९२० च्या दशकात मांस महाग, कांदा स्वस्त, म्हणून बर्गरमध्ये कांदा चेपून तो मोठा दिसेल असं बघायचे. तंगीतून निघालेली गोष्ट, पण आता मांस परवडतं तरी तिथे कांदा तसाच घालतात. उलटला की कांदा खाली जातो, चरबीत परततो. वर अमेरिकन चीजची चकती. नाकं मुरडू नका. तिच्यात चरबी आणि पाणी वेगळं होऊ न देणारे क्षार असतात म्हणून ती मऊ साय होऊन पसरते, चांगलं चेडर तेल सोडतं. पोटॅटो रोल, म्हणजे बटाटा घातलेला मऊ पाव, लोण्यावर भाजलेला, आंबट काकडीच्या दोन चकत्या, हवं तर केचप. बास. लेट्यूस-टोमॅटो हवे असतील तर इथल्या डायनरमध्ये 'डीलक्स' मागायचा, ते फ्राइजबरोबर ताटलीच्या कडेला येतात आणि बहुतेक तिथेच राहतात.

गेल्या शनिवारी आई दारात उभी राहून बघत होती. ती हे खात नाही, वादही घालत नाही.

"मसालो नाय घातलंस?"

"मीठ."

"नुसतां मीठ?" मग जरा थांबून, "कांद्याचो वास मात्र बरो येता."

तिचा तवा काढला, धुऊन गॅसवर ठेवला. लोण्यावर तसाच पातळ कांदा, वर चीज, भाजलेला पाव. तिने पाव उघडून काकडी बाजूला काढली, कपाटातून कैरीच्या लोणच्याची बरणी आणून दोन फोडी ठेवल्या, झाकला, खाल्ला. बशी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "आता कांदो जरा जास्त घाल."