काकवीतला ब्रेक ड्रम

गाडीच्या जुन्या भागांवरचा गंज काढायचा पुण्यातला खरा हंगाम मार्च ते मे. दुपारची हवा इतकी कोरडी असते की धुतलेलं लोखंड डोळ्यांदेखत वाळतं. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज जोमाने चढू लागतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपली हवा त्या रेषेच्या खाली क्वचितच उतरते. पण हुक्की येते ती नेमकी पावसाळ्यात. जोडून सुट्टी, बाहेर चिखल, गाडी झाकून ठेवलेली. मग बाल्कनीत बादली येते आणि घरातली माणसं वाळत घातलेले कपडे मुकाट्याने आत न्यायला लागतात.

माल बहुधा बुधवारी किंवा रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातला. पद्मिनी गाडीचा ब्रेक ड्रम, जॅक, चाकाचा पाना, क्रोम उडालेला बंपर. विकणारा हमखास सांगतो, "वरवरचा गंज आहे साहेब, ब्रश मारला की चकाचक." कधीकधी ते खरंही असतं. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे पापुद्रे जाड दिसले तरी आतलं लोखंड तितकं गेलेलं नसतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहावं, छोट्या हातोडीने टिचकी मारावी. टोक रुतलं तर तो भाग सोडून पुढे चालावं. ड्रम खणखणीत वाजला तर घ्यावा. बद्द वाजला तर गंजाखाली तडा असण्याची शक्यता धरावी. ब्रेकचे पाइप आणि स्टिअरिंगचे सांधे यांवर खड्डे पडले असतील तर ते घासत बसण्यात अर्थ नाही, नाना पेठेत जाऊन नवे घ्यावेत. गेलेलं लोखंड कुठल्याही द्रावणाने परत येत नाही.

बरेच जण भाग घरी आणला की थेट बादलीत टाकतात आणि दुसऱ्या दिवशी द्रावणाला नावं ठेवतात. तेल, ग्रीस किंवा जुना रंग आहे तिथे द्रावण पोहोचतच नाही. आधी डिझेल आणि ब्रश, मग गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण. पाणी पृष्ठभागावर थेंबाथेंबाने न जमता सलग पसरलं की तेल गेलं असं समजावं. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढताना डोळ्यांवर गॉगल हवाच, ग्राइंडरवर ब्रश लावला असेल तर दुप्पट हवा. त्याच्या तारा तुटून सुसाट उडतात. ब्रेक ड्रमच्या आतली धूळ मात्र फुंकायची नाही आणि कोरडी झाडायचीही नाही. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्याने टिपायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं.

बारीकसारीक नट, वायसर, कड्या यांना पांढरं व्हिनेगर पुरतं, रात्रभर. मोठ्या भागाला ते परवडत नाही. तिथे सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व. एका लिटर पाण्याला 50 ते 100 ग्रॅम, पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. दर तासाला बाहेर काढून ब्रश फिरवायचा. ॲसिड गंज संपला म्हणून थांबत नाही, ते चांगलं लोखंडही खायला लागतं. विसरून दोन दिवस ठेवलेला भाग काळपट, खरखरीत होऊन निघतो. जस्ताचा मुलामा आणि ॲल्युमिनिअम या दोघांना यात बुडवायचं नाही. क्रोमच्या बंपरलाही आंघोळ नको. ॲल्युमिनिअम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला तर वरवरचे डाग निघतात, कारण फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते.

ज्याला घाई नाही त्याच्यासाठी काकवी. उसाच्या पट्ट्यात राहून हा उपाय न करणं म्हणजे जरा करंटेपणाच आहे. गुऱ्हाळावरची काकवी चालते, पण ती खाण्याच्या भावाने मिळते. गुरांच्या खाद्यात घालतात ती मळी मिळाली तर जास्त बरं. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, झाकणाचा डबा, आणि एक ते दोन आठवडे. त्यातली संयुगं गंजातलं लोह पकडून पाण्यात ओढतात आणि चांगल्या लोखंडाला जवळपास हात लावत नाहीत, म्हणून ब्रेक ड्रमसारख्या बिडाच्या जड भागाला ही पद्धत मानवते. त्रास दोनच. ते आंबतं, वर फेस आणि बुरशी येते, चिलटं जमतात. आणि वास असा की सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या दिवशी ड्रेनेजची चौकशी सुरू होते. डबा गच्चीवर नेलेला बरा, अर्थात गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांचं मन वळवता आलं तर.

सगळ्यात देखणी पद्धत विजेची. प्लास्टिकची 20 लिटरची बादली, पाणी, आणि दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. मीठ अजिबात नाही, त्याने क्लोरीन सुटतो. बॅटरीचा 12 व्होल्टचा साधा चार्जर लागतो. नव्या हुशार चार्जरना समोर बॅटरी दिसली नाही तर ते सुरूच होत नाहीत. काळा चिमटा गंजलेल्या भागाला, लाल चिमटा सळईच्या तुकड्याला. हे उलटं झालं तर सळई शाबूत राहते आणि भाग विरघळतो. सळया पुण्यात शोधाव्या लागत नाहीत, कुठलीही पाडकाम चाललेली इमारत गाठावी आणि विचारून घ्याव्यात. स्टीलचा जुना चमचा किंवा ताटली मात्र लाल चिमट्याला कधीही लावू नये, त्यातल्या क्रोमिअमपासून विषारी संयुग पाण्यात उतरतं. भाग आणि सळई यांच्यात चार बोटं अंतर ठेवावं, लाल चिमटा पाण्याबाहेरच राहू द्यावा. सळईच्या समोरची बाजूच नीट साफ होते, म्हणून भाग अधूनमधून फिरवायचा, आणि तोही चार्जर बंद करूनच. भागावरून उठणारे बुडबुडे हायड्रोजनचे. बादली उघड्यावर हवी, जवळ काडी ओढायची नाही. काही तासांनी लाल फेसाखालून काळी साय धरलेला भाग निघतो आणि ती साय नायलॉनच्या घासणीने सुटते.

हाच हायड्रोजन कठीण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. ॲसिडमध्येही हेच घडतं. म्हणून स्प्रिंगा आणि डोक्यावर 10.9 किंवा 12.9 छापलेले बोल्ट बादलीत घालू नयेत. ब्रशने घासावेत, किंवा सरळ बदलावेत.

गंज निघेपर्यंत कितीही वेळ गेला तरी चालतो, खरी धावपळ त्यानंतरची. बाहेर आलेलं लोखंड अगदी उघडं असतं आणि ओलं राहिलं तर काही मिनिटांत पिवळं पडतं. ॲसिडमधून काढलं असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळायचं, मग शेवटचं पाणी कढत घ्यायचं. धातू तापतो आणि स्वतःच्याच उष्णतेने वाळतो. लगेच फडकं, कोपऱ्यांत हेअर ड्रायर, थिनरने एक हात, आणि त्याच बैठकीत प्रायमर. जे रंगवायचं नाही त्याला तेलाचा हात. प्रायमरचा डबा आणि ब्रश आधीच उघडून ठेवलेला असावा, धुतल्यावर हार्डवेअरच्या दुकानाकडे निघालात तर काम वाया गेलं म्हणून समजा.

खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर लावतात. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं, दुसरं गंजाचं निळसर-काळं स्थिर संयुग बनवतं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असतं, पण घरी उकळलेल्या काढ्याची ताकद कळत नाही, त्यापेक्षा बाटली बरी. वरून रेड ऑक्साइड प्रायमर. त्यातला लाल रंग म्हणजे लोहाचा ऑक्साइडच, गंजाचा सख्खा भाऊ. फक्त हा कुणाला खात नाही. पण तो एकटा पाणी अडवत नाही. त्याच्यावर रंगाचे दोन हात दिले नाहीत तर पहिल्या पावसाळ्यात खालून पुन्हा डाग उमटतात. ड्रमच्या आतल्या, ब्रेक शू घासतो त्या पट्टीला मात्र यातलं काहीच लावायचं नाही. ना प्रायमर, ना तेल. आतून मोजून घ्यायचा, व्यास कंपनीच्या मर्यादेपलीकडे गेला नसेल तर ब्रेक क्लीनरने पुसून त्याच दिवशी चाकावर चढवायचा. पहिल्या दहा-वीस ब्रेकांत पट्टी आपोआप स्वच्छ होते.