बावीस गोळ्या

“अगं, स्वतःवर प्रयोग करून घेतलासच कशाला?” हा पहिला प्रश्न. “मग खरी गोळी मिळाली की खोटी?” हा दुसरा. हार्ट फेल्युअरवरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे चाचणीत, मी अडीच वर्षं होते हे कळलं की यापलीकडे कुणी जातच नाही. आजवर हसून वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

खोटी मिळाली, म्हणजे आत औषधच नसलेली. ट्रायल संपल्यावर कळवलं त्यांनी. “म्हणजे फसवलंच की!” नाही हो. खोटी मिळू शकते हे वाचूनच सही केली होती. आणि नेहमीची औषधं सगळ्यांची चालूच होती. ही गोळी त्यांच्यावर जादा. शिवाय खरी मिळाली म्हणजे लॉटरी लागली असं कुणी सांगितलं? हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचे चुकार ठोके आवरायला डॉक्टर चांगल्या हेतूने काही औषधं देत होते. कास्ट नावाच्या ट्रायलमध्ये ती तपासली. ईसीजी सुधारत होते आणि माणसं मरत होती. १९८९ मध्ये त्यातली दोन औषधं थांबवावी लागली. पुढे छापून आलेला हिशेब असा: खऱ्या गोळीवरच्या ७५५ जणांपैकी ६३ गेले, खोट्या गोळीवरच्या ७४३ पैकी २६.

पूर्वी मी “पुढच्या पेशंटांच्या उपयोगी पडावं म्हणून” असं उत्तर द्यायचे. लोक गप्प व्हायचे, म्हणून द्यायचे. खरं तर हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलं होतं, रात्री तीन उशा लागायच्या, आणि दर तीन महिन्यांनी कुणीतरी पायावरची सूज बोटाने दाबून बघणार याचाच आधार वाटला होता. पुढच्या पेशंटांचा विचार मनात नव्हताच असंही नाही. किती होता, ते मलाही सांगता येत नाही.

पण मला कुणी विचारत नाही ते वेगळंच आहे. माझ्यावर प्रयोग झाला म्हणता, मी प्रयोगाचं काय केलं?

सातव्या महिन्यात उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. गोळीचाच प्रताप, असं मी ठरवून टाकलं आणि अकरा दिवस ती घेतली नाही. फोन करायला हवा होता. केला नाही, ट्रायलमधून काढतील ही भीती. दिवसाला दोन, म्हणजे बावीस गोळ्या उरल्या. बाटली परत न्यायची असते, तिथे उरलेल्या मोजतात. आदल्या रात्री त्या बेसिनमध्ये ओतून नळ सोडला. विरघळतील असं वाटलं होतं. जाळीवर अडकून बसल्या, पिवळं आवरण सुटलं, आत पांढऱ्या. टूथब्रशच्या दांड्याने एकेक खाली ढकलली.

सकाळी कोऑर्डिनेटर मॅडमनी ट्रेमध्ये ओतून दोन-दोन करत मोजल्या. “अगदी बरोबर. तुमच्यासारखे पेशंट हवेत.” मी हसले.

आठ महिन्यांनी सांगितलं त्यांना. रागावल्या नाहीत. तारखा विचारून लिहून घेतल्या आणि म्हणाल्या, “गोळ्यांचं राहू द्या. चक्कर का लपवलीत? आम्हाला तीच तर हवी असते.” गोळी खोटी होती, तेव्हा ती चक्कर बहुधा नेहमीच्या औषधांची. किंवा माझ्या धास्तीची.

पुढे कुठेतरी वाचलं: एका जुन्या ट्रायलमध्ये, कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये, खोटीच गोळी पण नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत १५ टक्के दगावले, टाळाटाळ करणाऱ्यांपैकी २८. १९८० मध्ये छापून आलंय. त्या गोळीत औषध नव्हतंच. मग फरक माणसांतच असणार. मी माझ्या वहीत स्वतःला पहिल्या गटात धरलं होतं. बावीस गोळ्यांनी गट बदलतो का, हे त्या आकड्यांत नाही.

पुन्हा सही करशील का, हा तुमचा तिसरा प्रश्न. एखाद्या दिवशी हो म्हणते, धाप लागली की नको वाटतं. ट्रायलच्या शेवटच्या मोजणीत सात गोळ्या जास्त भरल्या. कशा राहिल्या आठवेना. तशाच नेल्या. मॅडमनी दोनदा मोजल्या, सात लिहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत.