आरोपच नाही, तर बचाव कशाचा?

फौजदारी वकिली करताना लोकांकडून सर्रास ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, ‘काहीतरी केलं असेल, उगाच कोण धरून नेतं?’ अशा वेळी मी लखदर बुमेदियनची केस सांगतो.

हा मूळचा अल्जेरियाचा, बोस्नियात रेड क्रेसेंट या रेड क्रॉससारख्या मदतसंस्थेत काम करणारा. सारायेव्होतला अमेरिकी दूतावास उडवण्याचा कट रचल्याच्या संशयावरून ऑक्टोबर 2001 मध्ये त्याला आणि आणखी पाच जणांना पकडलं. तपासात पुरावा मिळेना, म्हणून जानेवारी 2002 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडायला सांगितलं. सुटका राहिली बाजूला, त्यांना अमेरिकेच्या हवाली केलं गेलं आणि तिथून थेट ग्वांतानामो, म्हणजे क्युबातला अमेरिकेचा लष्करी तुरुंग. कोर्टाने सोडलेला माणूस तुरुंगात!

साध्या पाकीटमारालाही आरोप काय आहे ते कळतं, साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष, हे तत्त्व त्याच्या पाठीशी असतं, कारण सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. स्थानबद्धतेत, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्यात, सरकार काही सिद्ध करायलाच जात नाही. वर ऐकवतं की ही शिक्षा नव्हे, खबरदारी आहे. बुमेदियनने उपोषण केलं, तर नाकातून नळी घालून त्याला अन्न दिलं गेलं. खबरदारीच ती!

जून 2008 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी या कैद्यांना कोर्टात दाद मागायचा हक्क दिला. सुनावणीची वेळ आली, तेव्हा दूतावासाचा मुद्दा सरकारनेच मागे घेतला. उरला एवढाच दावा, की हे लोक लढायला अफगाणिस्तानात जाणार होते. आधार? एका निनावी खबऱ्याचं म्हणणं. न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी 2005 मध्ये याच लोकांचे अर्ज फेटाळले होते. नोव्हेंबर 2008 मध्ये त्यांनीच सहापैकी पाच जणांना, बुमेदियनसकट, सोडायचा आदेश दिला. मे 2009 मध्ये तो फ्रान्सला पोचला.

यावर हमखास प्रश्न येतो, ‘पण माणूस खरंच घातकी असला तर?’ मग भरा ना खटला. रिचर्ड रीड डिसेंबर 2001 मध्ये बुटात स्फोटकं लपवून विमानात चढला होता, त्याला तर रंगेहाथ पकडलेलं. त्याला वकील मिळाला, बॉस्टनच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला आणि जानेवारी 2003 मध्ये जन्मठेपही झाली. तेव्हा बुमेदियनवर साधा आरोपही ठेवलेला नव्हता.