सर्दी झालेला वैमानिक

लढाऊ विमान उडवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त धाक कशाचा, असं कुणी विचारलं की मी 'सर्दीचा' म्हणतो. विचारणारा हिरमुसतो. त्याला क्षेपणास्त्र वगैरे ऐकायचं असतं.

साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो. प्रवासी विमानात बसलेल्याला ते फारसं जाणवत नाही. आमच्या कॉकपिटमध्ये तेवढा दाब राखलेला नसतो. वर जाताना कान-कपाळातली हवा कशीबशी बाहेर पडते, रडवतं ते उतरणं. नाक चोंदलेलं असेल तर बाहेरच्या हवेला आत शिरायला वाट मिळत नाही आणि भुवईच्या वर कुणीतरी तापलेला खिळा ठोकायला बसतं. अशा वेळी विमान कुठे थांबवणार?

म्हणून नाक वाहायला लागलं की निमूट डॉक्टरांपुढे उभं राहायचं. घरातली एखादी गोळी गुपचूप घ्यायचीही सोय नाही, कारण सर्दीवरच्या कित्येक गोळ्यांनी झोप येते. मागच्या वेळी डॉक्टरांनी कानात डोकावून पाहिलं, म्हणाले, "नाक दाबून कान फुगवा बघू." मी फुगवले. डावा फुगला, उजवा ढिम्म. आठ दिवस ग्राउंड, म्हणजे उड्डाण बंद! ते आठ दिवस मी टेबलाशी बसून इतरांच्या उड्डाणाच्या वेळा नोंदवल्या. नाकपुडीएवढ्या जागेने माणसाला किती खाली आणावं!

तसे एरवीही आम्ही बराच वेळ जमिनीवरच असतो. पाऊण तासाच्या सॉर्टीआधी, म्हणजे उड्डाणाआधी, दोन तास तयारी आणि ब्रीफिंग, उतरल्यावर डीब्रीफ. डीब्रीफमध्ये आपल्या चुका रेकॉर्डिंग मागे-पुढे करत सगळ्यांसमोर बघायच्या, आणि तिथे हुद्दा कामाला येत नाही. ज्युनिअर पोरगं शांतपणे म्हणतं, "सर, इथे तुम्ही तीन सेकंद उशीर केलात." आपण मान डोलावायची. याचा परिणाम म्हणा, घरी बायकोने चूक दाखवली तर मी वाद न घालता 'कुठून सुरुवात झाली?' असं विचारतो. तिला त्याचाच जास्त राग येतो.

मान डोलावता आली तर, हेही खरं. नऊ जी म्हणजे प्रत्येक गोष्टीचं वजन नऊपट. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-सात किलो धरलं, तर वळण घेताना मानेवर साठेक किलोचा माणूस येऊन बसतो. रक्त पायांकडे धावतं, नजर कडेने करडी होत जाते. जी-सूट फुगून पोट आणि पाय आवळतो. उरलेलं काम आपलं. मांड्या-पोट घट्ट करून दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास घ्यायचा. आणि मागे कोण लागलंय हे मान वळवून बघायचं असतं तेही नेमकं याच वेळी. संध्याकाळी हातावर बारीक लाल ठिपके उठलेले असतात, चेहऱ्यावर मास्कचा वळ. दुसऱ्या दिवशी गाडी मागे घेताना मान वळत नाही. मी बायकोला विचारतो, "येऊ दे का?" ती हात हलवत म्हणते, "येऊ दे, येऊ दे... बास!"

एक पेनाची गोष्ट सांगायलाच हवी. एकदा उतरल्यावर माझ्या बाहीच्या खिशातलं पेन गायब होतं. कॉकपिटमध्ये सुटी वस्तू राहिली तर ती विमान वळवणाऱ्या एखाद्या दांड्यात जाऊन अडकू शकते, त्यामुळे पेन सापडेपर्यंत विमान उडणार नाही. तंत्रज्ञांनी अख्खी सीट बाहेर काढली. तळाशी पेन निघालं, टोपणासकट. मला कुणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त लागलं.

आठ दिवसांनी उजवा कान फुगला. माझं उड्डाण तिन्हीसांजेचं होतं. सूर्य बुडाला होता. शिडीवर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाने पट्टे आवळले, सीट जमिनीवर चुकून उडू नये म्हणून लावलेल्या लाल फितींच्या पिना काढल्या, माझ्यासमोर धरून एकेक मोजल्या, खांद्यावर थाप मारली आणि शिडी उतरला. वर जाताना शेवटचा माणूस दिसतो तो हा.

धावपट्टी सोडली आणि नाक वर धरून सरळ चढत गेलो. खाली दिवे लागले होते. आणि पश्चिमेच्या कडेला आधी एक लाल रेघ आली, मग रेघेचा फुगवटा झाला, मग अख्खा सूर्य वर आला. मघाशीच मावळलेला, तोच. माझ्या हातमोज्यांवर ऊन पडलं. जोडीने उडणाऱ्या पलीकडच्या विमानाचं पोट तांबूस झालं. रेडिओवर दोघंही काही बोललो नाही. तसं बोलण्यासारखं कामाचं काही नव्हतंच.

उतरताना तो पुन्हा मावळला. कान खट्कन मोकळा झाला, कपाळ गप्प राहिलं.

खाली काळोख होता. तोच तंत्रज्ञ शिडी लावून वर आला, पिना मोजून परत बसवल्या.

"काही बिघाड, सर?"

"काही नाही."

मी सहीसाठी खिसा चाचपू लागलो. त्याने वही पुढे केली आणि त्याचं पेन. ते दोरीने वहीला बांधलेलं होतं.