माझ्यादेखत करतो मेला!

कुत्र्यांच्या पिल्लांना शिकवायला मी पुण्यात घरोघरी जाते. लोकांना वाटतं, माझं काम म्हणजे 'सिट', 'शेकहँड' आणि व्हिडिओत दिसतात तसल्या कोलांट्या. प्रत्यक्षात बहुतेक फोन एकाच विषयावर येतात: शू. त्यातही घरात नवा सोफा आला असेल तर फोन जरा जास्तच कळवळून येतो.

कर्वेनगरमधल्या या घरचा फोन मात्र रागाचा होता. "मॅडम, हा मुद्दाम करतो. पाऊण तास खाली फिरवतो, एक थेंब नाही. वर आणलं की पाच मिनिटांत सोफ्यामागे. खुन्नस काढतो आमच्यावर." वडिलांनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी, "नाहीच जमलं तर एका मित्राचं मुळशीला फार्महाऊस आहे, तिकडे देऊन टाकू," असंही ऐकवलं. फार्महाऊसवाला मित्र माझ्या प्रत्येक केसमध्ये असतो. मुळशी तालुक्यात एवढी फार्महाऊसं खरंच असतील तर तिथे आतापर्यंत निव्वळ लॅब्रॅडॉरच दिसायला हवेत.

असा फोन आला की मी आधी डॉक्टरांकडे जाऊन आलात का ते विचारते. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग असेल तर पिल्लू थोडं थोडं, कुठेही करतं आणि त्याला कसलंही ट्रेनिंग लागू पडत नाही. इथे लघवीची तपासणी झाली होती, रिपोर्ट स्वच्छ होता. शनिवारी सकाळची वेळ ठरवली.

घरात आई, बाबा, सातवीतला मुलगा आणि आजी. कुत्रा लॅब्रॅडॉर, चार महिन्यांचा, फिकट पिवळा, पावलं अंगाच्या मानाने दुप्पट मोठी. नाव मुलाने ठेवलेलं, थॉर. आजी त्याला ठोंब्या म्हणत. बाबांनी मला दाखवायला म्हणून "थॉर, कम!" असा आवाज दिला, तर कान मागे पाडून, शेपूट पोटाखाली घालून स्वारी थेट डायनिंग टेबलाखाली. आजी स्वयंपाकघरातून नुसतं "ठोंब्याऽ" म्हणाल्या, तर तोच प्राणी फरशीवर घसरत, धडपडत तिकडे धावला. मी तेवढं वहीत टिपून ठेवलं आणि पुढचे प्रश्न विचारायला लागले.

पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं असताना आणलेलं. आपल्याकडे पिल्लं विकणाऱ्यांचा हा ठरलेला आकडा आहे. खरं तर श्वान प्रजनन आणि विक्रीबाबत केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत, त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण ते नियम वाचून पिल्लू घेणारं कुटुंब मला अजून भेटायचंय. त्या दीड-दोन आठवड्यांनी फार फरक पडतो. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ बंद पडतो, दाताचा जोर किती लावायचा ते पिल्लू तिथे शिकतं. आणि शू कशावर करायची, याची पायाला होणारी सवयसुद्धा याच वयात पक्की व्हायला लागते. या पिल्लाला मातीची ओळखच नव्हती. विकणाऱ्याकडे फरशी, घरी आल्यावर गॅलरीत वर्तमानपत्र.

वर्तमानपत्राबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. लसी पूर्ण होईपर्यंत खाली सोडू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते योग्यच होतं. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याच्या आसपास होतो. चुकलं ते पुढे. लसी झाल्या, त्या संध्याकाळी गॅलरीतले पेपर उचलले आणि "आता मोठा झालास, खाली करायची" असा आदेश निघाला. चार महिन्यांच्या पिल्लाने तो कुठे वाचायचा?

मग आम्ही खाली गेलो. पट्टा बाबांच्या हातात, मनगटाला दोन वेढे घेतलेला. मी थोडी मागे. पार्किंगच्या कडेला मातीचा पट्टा, त्यात जास्वंद, कडीपत्ता, पलीकडे वॉचमनची खुर्ची. पिल्लू वास घेत निघालं, एका जागी गोल फिरलं, मागचे पाय वाकवले. आणि त्या अर्ध्या वाकलेल्या अवस्थेत त्याने मान वळवून वर बाबांकडे बघितलं. बाबा त्याच्याकडेच टक लावून बघत होते, आता करतो की नाही या नजरेने. पिल्लाने ओठांवरून जीभ फिरवली, जांभई दिली, सरळ उभं राहिलं आणि पुढे चालायला लागलं.

"बघितलंत? नाटकं," बाबा म्हणाले.

मी बघितलं होतं. दिवसाढवळ्या झोप येत नसताना कुत्रा जांभई देतो, ओठ चाटतो, तेव्हा तो ताणात असतो. पण तिथे काही बोलले नाही. वर आलो. पट्टा काढला, पिल्लू पाणी प्यायलं, हॉलमध्ये एक चक्कर मारली आणि सोफ्याच्या मागच्या फटीत शिरलं. बाबा तरातरा निघाले, त्यांना मी हात करून थांबवलं. लाकडी फरशीवर बारीक धार पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"एरवी काय करता?" मी विचारलं.

एरवी मानगूट धरून नाक त्यात घालायचं, पेपरची सुरळी पाठीवर दोनदा आपटायची आणि ओरडायचं. बाबांनी हे लपवलं नाही, उलट जरा अभिमानानेच सांगितलं, त्यांच्या गावच्या वाड्यात कुत्रे असेच शिकवलेले. वाड्यातले कुत्रे अंगणात राहायचे आणि शू कुठे करायची हा प्रश्नच त्यांना नव्हता, पण हा वाद मी आता घालत नाही. "आणि मॅडम, त्याला कळतं बरं का," आईंनी जोड दिली. "चूक केली की कसा चेहरा पाडून बसतो!"

हा चेहरा प्रत्येक घरात पुरावा म्हणून सादर होतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 मध्ये तो तपासला होता. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याबद्दल मालकांना कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो अपराधी चेहरा कुत्र्यांनी काय केलं होतं यावरून येत नव्हता, मालक रागावले की येत होता. काहीच न केलेले कुत्रेसुद्धा रागावल्यावर तसेच बसले. मी हे थोडक्यात सांगितलं. मुलाला फार आवडलं, कारण त्याच्यावरही असे प्रसंग गुदरले असावेत.

मग टॉर्च काढला. अतिनील किरणांचा छोटा टॉर्च माझ्या पिशवीत कायम असतो. पडदे ओढून, दिवे बंद करून मारला की पुसून टाकलेल्या शूचे डाग पिवळट हिरवे दिसतात, विशेषतः फटींमध्ये. सोफ्यामागे दिसले. चपलांच्या कपाटाच्या आडोशाला, अतिथींच्या खोलीत पलंगाखाली, देवघराच्या टेबलाखालीही दिसले. देवघर बघून आजींनी कपाळावर हात मारला. हॉलच्या मोकळ्या जागेत एकही नाही. म्हणजे चार महिन्यांचं पोर अडचणीच्या जागा शोधून, आत घुसून करत होतं.

स्वयंपाकघरात मी टॉर्च नेला आणि लगेच बंद केला. मराठी स्वयंपाकघरात हा टॉर्च काही कामाचा नाही. हळदही तशीच चमकते. ओट्याखालची भिंत, डब्यांची झाकणं, आजींच्या पदराचं टोक, सगळं झगमगलं. "इथे कळणार नाही," मी म्हटलं.

"कळायचंय काय त्यात?" आजी म्हणाल्या. त्या स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. "इथे तर माझ्यादेखत करतो मेला! समोर बसून! यांच्यापासून निदान लपून तरी करतो. माझी तेवढीही भीड नाही."

"आजीवर त्याचा जास्त राग आहे," मुलाने खुलासा केला. "ती त्याला हात लावत नाही म्हणून."

गेला तासभर मी जे शोधत होते ते आजींनी तक्रार म्हणून सांगून टाकलं होतं. मी विचारलं, "तो असं करतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करणार? गुडघे धरलेत, वाकता येत नाही. बसल्या जागी दोन शिव्या घालते आणि मावशी पुसायला येईपर्यंत वरून पायपुसणं टाकते."

खात्री करून घ्यायची होती. मी माझा फोन ओट्यावर मिक्सरला टेकवून रेकॉर्डिंग लावला आणि आजी सोडून बाकी सगळ्यांना घेऊन आतल्या खोलीत बसले. पिल्लू आजींच्या स्टुलाशेजारी पसरलं होतं. बऱ्याच वेळाने बाहेरून आवाज आला, "बघा, बघा! आत्ता या! करतोय!" कुणालाही उठू दिलं नाही. नंतर रेकॉर्डिंग बघितलं. पिल्लू झोपेतून उठतं, आळस देतं, आजींपासून हातभर अंतरावर, भर उजेडात बसतं आणि निवांत मोकळं होतं. आजी त्याला ठोंब्या, दगड्या, काय काय म्हणत असतात आणि ते त्यांच्याकडे बघत शेपूट हलवत असतं. मग परत येऊन त्यांच्या पायाशी लवंडतं.

बाबा ते दोनदा बघून गप्प बसले.

पिल्लाने काढलेला अर्थ अगदी तर्काला धरून होता. कुत्र्याच्या डोक्यात कृती आणि परिणाम यांची गाठ एक-दोन सेकंदांत बसते. 'घरात शू करणं वाईट' हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला एवढंच शिकवलं गेलं होतं की बाबांच्या, आईंच्या, मुलाच्या नजरेसमोर शू केली की मार बसतो. मग खाली पट्ट्याला बांधलेलं असताना, ज्यांच्यासमोर करायची नाही तीच माणसं सहा फुटांवर टक लावून उभी असताना, तो करणार कसा? तो दाबून ठेवायचा आणि वर येऊन, कुणी बघत नाही अशी जागा गाठायचा. आजी तेवढ्या सुरक्षित. त्यांच्या शिव्यांचा सूर पूजा करताना आणि भाजीवाल्याशी बोलताना असतो तोच, त्यात कुत्र्याने घाबरावं असं काही नव्हतं.

"म्हणजे तो माझ्यावर रागावलेला नाही?" आजींनी विचारलं.

"घरात तुमच्याइतका त्याचा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही."

आजींनी मेथीच्या काड्या वेगळ्या केल्या. "मग मी काय करायचं? हात मात्र लावणार नाही, आधीच सांगते."

हात लावायची गरजच नव्हती. आजी रोज पहाटे फुलं तोडायला खाली उतरतात, हे मला सकाळीच कळलं होतं. त्या वेळी पिल्लूही नुकतंच उठलेलं असतं, म्हणजे भरलेलं. ठरलं असं की आजींनी परडी घेऊन नेहमीसारखं पुढे जायचं, आणि लांब, पंधरा फुटी दोरी लावून आईंनी त्याला मागून न्यायचं, दोरी ढिली, नजर भलतीकडे. दोरी आजींच्या हातात बिलकूल द्यायची नाही, एवढ्या वजनाचं पिल्लू मांजर दिसल्यावर म्हाताऱ्या माणसाला पाडू शकतं. आदल्या दिवशीची शू टिपलेला पेपर मातीत टाकून ठेवायचा, म्हणजे पायाला ओळखीचं आणि नाकाला ओळखीचं. शू पूर्ण होऊ द्यायची आणि त्याच सेकंदाला पनीरचा तुकडा. वर आल्यावर दिला तर तो वर आल्याचा मोबदला होतो, शूचा होत नाही.

घरात त्याला काही दिवस मोकाट सोडायचं नाही. झोपून उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर लगेच खाली. घरात झालीच तर तोंडातून शब्द न काढता पुसायची, आणि फिनेलने नाही. फिनेलने आपल्या नाकाचं समाधान होतं, त्याला खालचा वास येतच राहतो. एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते वापरायचं. एक जाता जाता आजींना सांगितलं, प्रसादाचा शिरा त्याला देऊ नका, त्यातले बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. त्या चपापल्या. हात न लावता प्रसाद मात्र पोचत होता तर.

बाबांचं काम सगळ्यांत कंटाळवाणं होतं. त्यांनी त्याला काही आठवडे शूसाठी न्यायचंच नाही. फक्त रोज जमिनीवर बसून, त्याच्याकडे न बघता, शेजारी खाऊ टाकत राहायचा. आणि थॉर या नावाने त्याला रागावायचं नाही, ते नाव पुरतं खराब झालं होतं.

पहिल्याच सकाळी चमत्कार झाला नाही. तिसऱ्या की चौथ्या पहाटे आईंचा मेसेज आला, शेवटी पाच उद्गारचिन्हं. त्याने जास्वंदीखाली केली होती, आजी फांदी वाकवून उभ्या असताना, त्यांच्या चपलांपासून वीतभर अंतरावर. ते झाड त्या दिवसापासून पूजेतून बाद झालं. आजी आता शेजारच्या विंगमधली फुलं आणतात, त्यावरून तिकडच्या एका काकूंशी त्यांचं वाजलंय, पण तो माझा विषय नाही.

महिन्याभराने परत गेले तेव्हा तो आई आणि मुलाबरोबर बिनधास्त करत होता. बाबांबरोबर अजून नाही. ते पाठ करून उभे राहतात आणि मोबाइल बघायचं सोंग करतात, मग कधी कधी होतं. नाव त्याचं आता ठोंब्याच पडलंय, मुलाने बरीच कुरकुर करून मान्य केलं. फार्महाऊसचा विषय निघाला नाही. नवी तक्रार चपलांची आहे. दुधाचे दात पडायला लागलेत, दोन तर बाबांच्या ऑफिसच्या बुटात सापडले. ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये ठेवून चघळायला द्या, म्हणजे हिरड्यांना बरं वाटेल, असं सांगितलंय आणि बूट कपाटात ठेवायला.